पालथी पाटी

१

रेडिओ कॉलनीत आजवर सोनंनाणं चोरीला गेलं नव्हतं, कारण ते कुणाकडे फारसं नव्हतंच. चोरीला गेलं ते पाणी. आणि संभाजीनगरात मे महिन्यात दागिना गेला तर माणूस रडतो, पाणी गेलं तर बाह्या सरसावतो.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या फलकावर अध्यक्ष इंद्रजीतच्या सहीचा कागद लागला. गेल्या पंधरवड्यापासून उंच टाकीतून रोज सुमारे अकरा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर पाणी नाहीसं होत होतं. पाणी सोडणारे हबीब यांना कामावरून दूर केलं होतं. रविवारी सकाळी दहाला सभा होती. सभेत दोष सिद्ध झाला, तर पंपघराला लागून असलेली त्यांची खोली आठ दिवसांत रिकामी करून घेतली जाणार होती.

संध्या देवळाणकरांनी तो कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. संध्याताई बासष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, तीस वर्षं कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करून निवृत्त झालेल्या. कॉलनीत कुणाचं काही हरवलं की लोक आधी देवाला नवस बोलत आणि मग त्यांच्याकडे येत. आशाबाईंचं हरवलेलं गॅसचं पुस्तक त्यांनी घरात पाऊलही न टाकता, ओट्यावर बसून नुसते प्रश्न विचारून पिठाच्या डब्याखालून काढून दिलं होतं. तेव्हापासून त्यांना सगळं कळतं असं लोक म्हणत. त्यांनाही ते ऐकायला आवडत असे, हे कबूल केलं पाहिजे.

घरी पोचतात तो फाटकाशी हबीब उभा. सत्तावन्न वर्षांचा, काटक, हातात नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा अजून चाचपणारा. मागे त्याची बायको नजमा.

"ताई, चाळीस वर्सांची वळख हाय आपली," तो म्हणाला. "म्या पानी चोरलं आसंल का?"

"आत या आधी दोघं. नजमा, पाणी घे."

"नको ताई," नजमा म्हणाली. "आज पान्याचा गिलास हातात धरायची बी लाज वाटायली."

संध्याताईंनी तरीही तांब्या-भांडं पुढे ठेवलं. हबीबनं भांडं हातानं बाजूला सारलं.

"कमिटीनं इचारलं तवा म्या खरं तेच सांगितलं," तो म्हणाला. "तर समदे हसले."

"काय सांगितलंस?"

"का पाचच्या टायमाला आकडा कमी आसतो, व्हय. पन दिवेलागणीला म्या दार लावाया जातो, तवा आकडा पुन्ना पुरा झालेला आसतो. रोज. मोटर बंद, व्हॉल्व्ह बंद, अन् गेलेलं पानी परत आलेलं. कसम खुदाची, ताई."

संध्याताईंना हसू आलं नाही. चोरलेला माल त्याच संध्याकाळी परत आणून ठेवणारा चोर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

२

रेडिओ कॉलनी म्हणजे दख्खन रेडिओ कंपनीच्या कामगारांनी उभारलेली चौसष्ट घरं. कंपनी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होती. अठ्ठ्याण्णव साली तिला कुलूप लागलं, पण कॉलनीतली जुनी माणसं सकाळी साडेआठला अजूनही उगाच उठून उभी राहतात. भोंग्याची सवय. संध्याताईंची पहिली नोकरी तिथली, पंच्याऐंशी सालची. तारांना कथलाचा डाग देताना उठणाऱ्या राळेच्या धुराचा वास त्यांना अजून आठवतो. तपासणीच्या बाकावर चाळीस रेडिओ एकदम लावले जात आणि एकच बातमी चाळीस आवाजांत ऐकू येई. तसं ऐकणं पुन्हा कुठे मिळालं नाही.

त्या दालनाचे मुकादम सर्जेराव. आताचा अध्यक्ष इंद्रजीत हा त्यांचाच मुलगा. सर्जेराव येण्याआधी भिंतीवर एकच मोठी पाटी होती. रेडिओ जोडून झाला की कारागिरानं उठायचं, शेवटचा आकडा वाचायचा, एक मिळवायचा, पुसून नवा लिहायचा. पाटीपाशी रांग लागे, भांडणं होत. दोघांनी एकदम बेचाळीस वाचलं की दोघंही त्रेचाळीसच लिहीत आणि एक रेडिओ हवेत विरून जाई. सर्जेरावांनी ती पाटी उतरवली आणि सोळा कारागिरांना सोळा लहान पाट्या दिल्या. ज्याची पाटी त्याच्या बाकावर, रेघा त्याच्या त्यानं ओढायच्या. संध्याकाळी मुकादम बाकाबाकावरून फिरत बेरीज करत जाणार, मागे हरकाम्या पोरगा हबीब. पाट्यांचे त्यांचे तीन नियम होते, आणि ते कॉलनीतल्या पोरांनाही पाढ्यांसारखे पाठ होते.

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊनच संध्याताई पंपघरात शिरल्या. किल्ली इंद्रजीतनं स्वतः आणली होती. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, स्वभावानं वाईट नाही. फक्त आपल्याला निर्णय घेता येतात याचं त्याला कौतुक होतं.

पंपघराच्या खिडकीत हबीबची जुनी पाटी पालथी पडली होती. संध्याताईंनी तिच्यावर कप ठेवला आणि भिंतीवरच्या दोन पडद्यांकडे पाहिलं.

व्यवस्था साधी होती. नळाचं पाणी जमिनीखालच्या हौदात साठतं. पहाटे मोटर ते उंच टाकीत चढवते. सकाळी सात ते एक आणि दुपारी चार ते पाच ते घरांकडे सोडतात. चढणारं पाणी मोजणारा डबा इथेच, पंपघरात, कडुनिंबाच्या सावलीत. उतरणारं पाणी मोजणारा डबा वर, टाकीच्या गच्चीवर, पत्र्याच्या टोपीखाली. दहा लिटर पाणी गेलं की डबा एक मोजतो. संध्याकाळी पाचला दोन्ही आकडे सगळ्यांच्या फोनवर जातात आणि पहाटे पाचला शून्य होतात. डब्यांतला कार्यक्रम, म्हणजे मोजणीचा प्रोग्राम, संध्याताईंनीच चौदा वर्षांपूर्वी लिहून कॉलनीला भेट दिला होता. कुठलाही पैसा न घेता, पण फलकावर नाव लावून घेऊन.

"काकू, तुमच्याच मशीनचा आकडा आहे," इंद्रजीत म्हणाला. "चढलं अठ्ठेचाळीस हजार, उतरलं सदतीस, टाकी रिकामी. मधलं अकरा कुठं गेलं? टाकीच्या बुडातून तोटी काढून टँकर भरत असणार दुपारी. किल्ली एकट्या हबीबकडे असते."

"तोटी सापडली?"

"शोधतोय. आणि हे बघा." त्यानं फोन पुढे केला. "पंधरा दिवसांत फक्त एक दिवस चोरी झालेली नाही. मंगळवारी. त्या दिवशी व्हॉल्व्ह मी उघडले. कारण हबीब सोयगावला पुतणीच्या लग्नाला गेला होता."

संध्याताईंचा चहा तसाच थंड झाला.

३

कॉलनीत टँकर एकाच माणसाकडे होता, काकासाहेबांकडे. एके काळी कंपनीच्या कँटीनला भाजी पुरवणारे काकासाहेब आता बिडकीनकडच्या आपल्या विहिरीचं पाणी शहरात विकत. त्यात त्यांचं घर टाकीला लागून, आणि भर मे महिन्यात त्यांच्या दारातली मेथी हिरवीगार. संध्याताई मेथीकडे बघत उभ्या राहिल्या, तसे काकासाहेब बनियनवरच बाहेर आले.

"बघा बघा. कालपासनं समदी कॉलनी माझ्या मेथीकडंच बघायलीय."

"मेथीला पाणी कुठलं?"

"फिल्टरातनं वाया जातंय ते, अन् आंघुळीचं. इश्वास नसंल तर मोरीचा पाइप बघा. अन् ताई, माझ्या हिरीला पानी हाय. म्या कॉलनीचं चोरून काय करू? माझा टँकर आठ दिस झाले वैजापूरला हाय, लग्नसराईच्या कामावर."

संध्याताईंनी पाइप पाहिला. खरंच मोरीतून निघून वाफ्यात गेला होता. टँकरच्या जागी आठ दिवसांची धूळ आणि कुत्र्याची पिल्लं होती. एक संशयित कमी झाला, पण त्यानं हबीबचं काही भलं झालं नाही.

गच्चीवर काकासाहेबांची बायको सरूबाई कुरडया घालत होती. तिनं वरूनच हाक दिली, "ताई, वर या. अन् चव बघून जा."

वर ऊन असं की पायाला चटके बसले. संध्याताई कुरडईचा चीक बशीत घेऊन सावलीला टेकल्या.

"यंदा लई झकास वाळायल्यात," सरूबाई म्हणाली. "घातल्या का कडकडीत. फकस्त मंगळवारचा घाणा वाया गेला बघा. दिसभर आभाळ. उन्हाचा पत्ता नाय. समद्या आंबल्या."

संध्याताईंचा चमचा थांबला. "मंगळवारी दिवसभर आभाळ होतं?"

"व्हय की. म्या तवापासनं आभाळाला शिव्या घालतेय."

"बरं, सरूबाई, या पंधरा दिवसांत तुम्हाला पाणी कमी पडलं का?"

"नाय बा. टाक्या भरून उतू जायल्यात."

मग संध्याताई दारोदार फिरल्या. ओट्यावरून अठरा घरांत एकच प्रश्न विचारला. अठराही घरांत चोराला शिव्या मिळाल्या, पण पाणी कमी आलं असं एकही बाई म्हणाली नाही. रोज टँकरभर पाणी जातंय आणि कुणाची बादली अपुरी राहत नाही! आशाबाईंनी तर चोरीबद्दल बोलता बोलता अंगणात सडा टाकला.

४

राहिली प्रेरणा. चौतीस वर्षांची, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी. दोन्ही डब्यांची देखभाल तीच करत असे आणि पासवर्डही तिच्याकडेच होता. संध्याताईंनी तिला बोलावून घेतलं, हबीबलाही बोलावलं, आणि बाराच्या ठोक्याला तिघं पंपघरात बसले. व्हॉल्व्ह त्या दिवशी इंद्रजीतनं उघडले होते. टाकीच्या शिडीला त्याचंच कुलूप होतं. म्हणजे आज चोर आला, तर या तिघांच्या डोळ्यांदेखत येणार होता.

"माझ्यावर संशय आहे का, काकू?" प्रेरणानं सरळ विचारलं.

"आकडे बदलण्याची सोय तुझ्याकडेच आहे."

"बदलले असते तर चोरी लपवायला बदलले असते. दाखवायला कशाला?"

हे खरं होतं, आणि संध्याताईंना ते आधी सुचायला हवं होतं.

एक वाजला. इंद्रजीत व्हॉल्व्ह बंद करून गेला. उतरत्या पाण्याच्या पडद्यावर ४३,९५० स्थिर झालं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. हबीब कडुनिंबाखालच्या पायरीवर बसून जुन्या गोष्टी काढत होता. कंपनीच्या सहलीत बस दौलताबादच्या घाटात बंद पडली आणि सर्जेरावांनी साहेबांनासुद्धा धक्का मारायला लावला ती गोष्ट संध्याताई शंभराव्यांदा ऐकत होत्या आणि शंभराव्यांदा हसत होत्या. नोकरी गेलेला माणूस त्यांना हसवत होता, हे मधूनच ध्यानात येई आणि त्यांना कसंसंच होई.

एक वाजून वीस मिनिटांनी प्रेरणा किंचाळली.

पडद्यावर ४३,९५० नव्हतं. तिथे ३२,९८० होतं.

कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं, पाण्याचा थेंब हलला नव्हता. आणि मोजलेला आकडा, जो फक्त वाढूच शकतो, तो अकरा हजारांनी मागे आला होता.

"बघितलं?" हबीब उठून उभा राहिला. "आता तरी यकीन आलं?"

५

शिडीची किल्ली मागवून संध्याताई गुडघे दुखत असताना टाकीवर चढल्या. पत्र्याच्या टोपीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आतला डबा तव्यासारखा तापला होता.

खाली उतरून त्यांनी प्रेरणाला एकच विचारलं. "पंधरा दिवसांपूर्वी तू या वरच्या डब्यात काय बदललंस?"

प्रेरणानं आठवलं. "उन्हानं डबा सारखा बंद पडत होता. म्हणून मी सोय केली, की फार तापला तर चारपैकी एका प्रोसेसरला झोपवायचं. थंड झाल्यावर उठवायचं. काम तिघांवर चालतं. यात चुकीचं काही नाही, काकू. कर्नेलमध्ये ती सोय मुळातच असते."

"नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

त्या पंपघरातल्या स्टुलावर बसल्या आणि लॅपटॉपवर चौदा वर्षांपूर्वीचा स्वतःचा कार्यक्रम उघडला. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्या प्रोसेसरांचा मुकादमच म्हणा. चार प्रोसेसर एकदम काम करतात, आणि चौघांनी एकाच आकड्यावर हात टाकला तर रांग लागते, नाहीतर मोजणी हरवते. म्हणून प्रत्येकाला त्याची स्वतःची मोजणी द्यायची. हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. त्यासाठी त्यांना सोळा पाट्या आठवल्या होत्या, सर्जेरावांच्या.

नियम पहिला : दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. तो कार्यक्रमात होता. नियम दुसरा : रेघ अर्धी असताना बाकावरून उठायचं नाही, नाहीतर उरलेली अर्धी दुसऱ्याच्या पाटीवर ओढली जाते. तोही होता, मोजणी पुरी होईपर्यंत त्या कामाला दुसऱ्या प्रोसेसरवर हलवायचं नाही, अशी ओळ त्यांनी लिहिली होती आणि पुढे कित्येकांना अभिमानानं शिकवलीही होती.

मग त्या बेरजेच्या ओळीपाशी आल्या. जे प्रोसेसर हजर आहेत, त्यांच्या मोजण्या मिळवा.

हजर आहेत त्यांच्या.

ज्या वर्षी ही ओळ लिहिली, त्या वर्षी या डब्यात कुणी गैरहजर राहतच नव्हतं. चौघे कायम जागे. म्हणून विचार करायची गरज वाटली नाही. आता दुपारी चौथा झोपतो, त्याची मोजणी जागच्या जागी शाबूत असते, पण बेरीज करणारा त्याच्या बाकापाशी थांबतच नाही. तोवर उतरलेल्या चव्वेचाळीस हजारांतला त्याचा चौथा हिस्सा अकरा हजार. दिवेलागणीला डबा निवतो, चौथा उठतो, आणि पाणी परत येतं.

तिसरा नियम संध्याताईंना सर्जेरावांच्याच घोगऱ्या आवाजात आठवला. घरी गेलेल्याची पाटी पालथी ठेवायची, पण बेरजेला आधी ती सुलटी करायची. माणूस घरी गेला, त्याचं काम घरी गेलेलं नाही.

आणि हा नियम त्यांना आठवू नये? सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये भर कामात निरोप आला, वडील गेले. हातातला रेडिओ तसाच टाकून, सवयीनं पाटी पालथी करून त्या धावल्या. तेराव्यानंतर परत आल्या तेव्हा महिन्याच्या तक्त्यात त्या दिवशीचे अकरा रेडिओ त्यांच्या नावावर होते. त्या नोंदीकडे बघून त्या तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या होत्या.

गुपचूप ओळ बदलून टाकावी, सभेत "मशीनचा बिघाड" एवढंच सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मोह होता, खोटं कशाला बोला. हबीब सुटला असता आणि फलकावरचं नावही राहिलं असतं.

सवयीनं त्यांनी खिडकीतला कप उचलला. पाटीच्या पाठीवर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी पाटी हातात घेतली आणि सुलटी केली.

वरपासून खालपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी ती पिशवीत ठेवली.

६

रविवारी दहाला सभागृह भरलं. हबीब सभासद नसल्यानं बाहेर पायरीवर बसला होता, शेजारी नजमा.

संध्याताई उभ्या राहिल्या. "चोर सापडला," त्या म्हणाल्या, आणि सगळे पुढे झुकले. "आधी त्याच्या खुणा सांगते. एक, तो पाणी नेतो पण कुणाच्या घरी पाणी कमी पडत नाही. दोन, तो फक्त दुपारी येतो आणि आभाळ असलं की सुट्टी घेतो. मंगळवारी हबीब गावाला होता, तसं ऊनही गावाला होतं. सरूबाईंच्या आंबलेल्या कुरडया साक्षीला आहेत."

"व्हय, आंबल्या," मागून सरूबाई म्हणाली.

"तीन, काल तो माझ्या डोळ्यांसमोर आला आणि अकरा हजार लिटर घेऊन गेला. व्हॉल्व्ह बंद होते आणि हबीब माझ्या समोर बसला होता."

"पण कोण?" इंद्रजीतचा धीर सुटला.

"मी."

मग संध्याताईंनी सगळं सांगितलं. डब्याच्या पोटातले चार कारागीर, चार पाट्या, उन्हानं झोपणारा चौथा, आणि फक्त हजर असलेल्यांची बेरीज करणारी आपली ओळ. दख्खन रेडिओच्या माणसांना प्रोसेसर समजावून सांगावा लागला नाही. पाट्या म्हटल्याबरोबर माना हलायला लागल्या.

"म्हणजे पाणी..." काकासाहेब म्हणाले.

"पाणी कुठंही गेलेलं नाही. ते तुमच्याच घरी आलं. तुम्ही त्यानं सडे टाकलेत."

आशाबाई खाली बघू लागल्या.

"चूक माझी. पण ती पकडायला मला कॉम्प्युटर उघडायची गरजच नव्हती." त्यांनी पिशवीतून पाटी काढून टेबलावर ठेवली. पालथी. "इंद्रजीत, ही हबीबची पाटी. शुक्रवारी तुम्ही त्याला काढलंत आणि तो हिला पालथी ठेवून गेला, रिवाजाप्रमाणे. ती दोन दिवस खिडकीत पडून होती. मी तर तिच्यावर चहाचा कप ठेवला. तुझ्या वडिलांचा तिसरा नियम काय होता?"

इंद्रजीतनं हात पुढे करून पाटी सुलटी केली आणि कुणी न सांगता मोठ्यानं वाचायला लागला. खडूचं नीट अक्षर होतं.

"सोमवार. दुपारी एक, त्रेचाळीस हजार आठशे. पाच वाजता, छत्तीस हजार नऊशे. दिवेलागण, सत्तेचाळीस हजार नऊशे." त्यानं बोट खालच्या ओळीवर नेलं. "मंगळवार कोरा. बुधवार. दुपारी एक, चव्वेचाळीस हजार. पाच वाजता, सदतीस हजार. दिवेलागण, अठ्ठेचाळीस हजार. गुरुवार..."

गुरुवार त्याला पुरा वाचता आला नाही. "तो सांगत होता," तो म्हणाला. "संध्याकाळी आकडा परत येतो म्हणून तो सांगत होता, आणि आम्ही हसलो."

पाटी छातीशी धरून तो खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर पायरीपर्यंत गेला. तिथे काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. खिडकीतून एवढंच दिसलं, की सर्जेरावांचा मुलगा हबीबच्या शेजारी पायरीवर खाली बसला आहे, इस्त्रीच्या शर्टासकट, आणि नजमा तोंडाला पदर लावून रडते आहे.

फलकावरचा कागद त्यानं स्वतः फाडला. संध्याताईंनी आपल्या नावाची पट्टीही काढायला सांगितली. ती मात्र कुणी काढली नाही.

सोमवारी दुपारी संध्याताई आणि हबीब पंपघरात बसले होते. ओळ बदललेली होती. आता हजर असो, झोपलेला असो, डब्यात जितके आहेत तितक्या सगळ्यांची बेरीज. एक वीस झाले. वर टाकीवर चौथा झोपला, आणि ४३,८९० जागचं हललं नाही.

हबीबनं पाटीवर आकडा लिहिला, हाताचा खडू पुसला.

"हबीब, मला माफ कर," संध्याताई म्हणाल्या. "वडील गेले त्या दिवशी सर्जेरावांनी माझी पालथी पाटी सुलटी केली होती. माझे अकरा रेडिओ मोजले होते. आणि मी तुझ्या पाटीवर कप ठेवला."

हबीब हसला.

"ताई, सर्जेराव मुकादमांचा चष्मा त्या दिशी घरी राहिला व्हता," तो म्हणाला. "तुमची पाटी म्या सुलटी केली व्हती. अकरा रेघा. म्याच मोजल्या, म्याच वरडून सांगितल्या."

हबीब उठला, संध्याताईंच्या कपात चहा ओतला, आणि तो ठेवायला जागा व्हावी म्हणून पाटी उचलून मांडीवर घेऊन बसला.